उपासात सुटलेली गोळी

रिठदहून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी वाशिमला ऑफिसच्या जिन्यात होते. "ताप उतरलाच नाही वो... तुमची ताई गेली." भेटायला येणारा जो तो नंतर हेच म्हणत राहिला, तापानं गेली. ताप होताच. पण अन्नावरची वासना उडून वाळत गेलेल्या अंगात त्याला थोपवायला उरलं काय होतं? ताईला डिप्रेशन होतं. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही, म्हणून मीच लिहून टाकते.

ताईच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. भुलाबाईच्या गाण्यांत ती मध्येच माझ्या सासरच्यांची नावं घुसडायची, आणि मी चिडले की आणखी एक कडवं जोडायची. तीच ताई एका हिवाळ्यापासून गप्प होत गेली. हळद निघाली, तर ढिगाजवळ नुसती बसून राहायची. "काय होऊन राह्यलं तुले?" मी विचारलं. "काही नाही वं. हात उचलू वाटत नाही."

गावात डॉक्टर एक आणि वैद्य घरोघर. कुणी दुधात अश्वगंधा सांगितली, कुणी चहा बंद करवला, कुणी मोबाईलवर प्राणायाम लावून दिला. पोहरादेवीचं दर्शनही झालं. मी हसायचे, पण खरं सांगायचं तर यातल्या काही गोष्टींनी तिला धरून ठेवलं. भाऊजी पहाटे तिला शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं फिरायला न्यायचे. कोवळ्या उन्हात चालून आली की अर्धी भाकर तरी खायची. मी तिला वाशिमच्या मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवलं; त्यांनी रोजची एक गोळी सुरू केली आणि फिरणंही उचलून धरलं. "हे चालूच ठेवा," ते म्हणाले, "पण मला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका." दोन्ही मिळून ताई हळूहळू वर आली. पोळ्याला तिनं स्वतःहून पुरण घातलं... ते ऐकून मी फोनवरच रडले.

मग नवरात्र आलं. तिच्या सासूबाई, ज्यांना सगळं घर माय म्हणतं, निरंकार उपास धरतात, दिवसभर पाण्याचा घोटही नाही. ताईनंही धरला. "उपासात गोळी कायले? गोळीनं उपास मोडते," माय म्हणाल्या. घरात आरत्या, बायकांची ये-जा, ताई हसतखेळत. गोळीवाचून भागलं! देवीनं बरं केलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि दसऱ्यानंतर गोळ्यांचं पाकीट कुणी उघडलंच नाही.

दिवाळीत गेले तर ताई भिंतीकडे बघत बसलेली. ओळख द्यायलाही तिला वेळ लागला. मी सगळ्यांशी कडाकडा भांडले. "चालणं वाढवू," भाऊजी म्हणाले. तो माणूस रोज तिला हाताला धरून आधीपेक्षा लांब न्यायचा आणि ती पाय ओढत त्याच्यामागे जायची. त्यांच्या मायेत खोट नव्हती, त्याचाच त्रास जास्त होतो. शेवटी मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. गोळी पुन्हा सुरू झाली. "गुण यायला काही आठवडे लागतील," ते म्हणाले. आठवडे कुठले... त्याआधीच ताप आला.

मागे रिठदला गेले तेव्हा ओसरीच्या पायरीवर, ताईच्या वेणीफणीच्या जागेवर, माय बसल्या होत्या. चांगल्याच खंगल्या होत्या. त्यांचा राग मी अजून धरून आहे, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी माझा हात धरला. "मले जेवण जात नाही वं, झोप येत नाही. त्या डॉक्टरकडं नेशील का मले?"

नेलं.

परवा एकादशीला मी तिथेच होते. सकाळी फिरून आल्यावर माय देवासमोर बसल्या. तळहातावर गोळी, शेजारी पाण्याचा तांब्या. खूप वेळ तशाच बसल्या. मग त्यांनी गोळी गिळली, वरून घटाघटा पाणी प्यायल्या आणि देवीकडे बघून म्हणाल्या, "मोडला तं मोडू दे माहा उपास. तिले म्या घेऊ देली नाही."