ज्याने टॅग लावला

प्रयोगशाळेत मी सध्या ज्या पेशी सांभाळते, त्या कर्करोगाच्या आहेत आणि मरत नाहीत. तशा त्या मीच घडवल्यात. केमोचं औषध थोडंसं द्यायचं, बऱ्याचशा मरू द्यायच्या, उरतील त्यांना गुलाबी पोषकद्रव घालून वाढवायचं आणि मग डोस वाढवायचा. कित्येक महिने हेच केलं. आता त्यांच्यावर औषध ओतणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पूर्वी या कामात मजा यायची, आता हात नुसते सवयीने चालतात.

विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते की औषध पेशीला बहुधा थेट मारत नाही. ते तिला जबर इजा करतं. आपलं आता संपलं हे पेशीनेच ओळखायचं आणि आतल्या आत स्वतःला आवरतं घ्यायचं. पण काही प्रथिनं या वाटेत आडवी बसतात. निरोगी पेशीतही ती असतात, उगीच कोणी मरू नये म्हणून. कर्करोगाच्या पेशीत मात्र त्यांचा सुळसुळाट होतो आणि मोडकीतोडकी पेशीसुद्धा जगत राहते.

घरी हे एकदाच समजावलं, नवऱ्याला, त्यांचा केमो सुरू झाला तेव्हा. ते बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले. ऐकून म्हणाले, म्हणजे ट्रिप बायपास केलीय. दाब हाताबाहेर गेला की यंत्र आपोआप बंद पडतं, ती ट्रिप. दुरुस्तीपुरती ती अडवून ठेवतात, तो बायपास. त्यावर लाल टॅग लागतो, आणि यांच्या प्लांटात रिवाज असा की ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. पाळी संपवून माणूस शहरात समा भागातल्या आपल्या घरी पोहोचला असला तरी त्याला परत बोलवायचे. या टॅगपायी आमची किती जेवणं थंड झाली! मी ताटं वाढून वैतागत बसायचे आणि हे आपले स्कूटर काढून निघायचे.

पहिलं औषध काही महिने चाललं, दुसऱ्याने तेवढंही केलं नाही. यांच्या तोंडाची चव गेली. जी सेवउसळ रविवारी मिटक्या मारत खायचे, ती लोखंडासारखी लागू लागली. गेल्या आठवड्यात स्कॅन बघून डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, हजी एक दवा छे." या अजून एका औषधाचा उपयोग किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. दिवसभर मी दुसरं बघते काय? तरी हो म्हटलं आणि सोमवारची वेळ घेऊन आले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी आले तर हे गॅलरीत बसले होते. समोरच्या सोसायटीची टाकी भरून वाहत होती. एरवी यांनी आरडाओरडा करून वॉचमनला बोलावलं असतं, पण आज नुसते बघत होते. सोमवारचं सांगितलं तरी टाकीकडेच बघत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला. औषध आहे तर घ्यायला काय होतं, मी एकटीने किती ओढायचं, असं बरंच काही बोलून गेले. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "मी दमलोय गं. हे शरीर केव्हाचं बंद व्हायला बघतंय."

"असं बोलू नका हो."

"बायपास तू लावलायस. तुझ्या नावाचा टॅग आहे, मला नाही काढता येत."

मी उठून आत गेले. चिडले, रडले, मग कुकर लावला. त्यांच्याशिवायच्या घराची मला भीती वाटते, एवढंच खरं होतं. बाकी सगळं शास्त्र त्यावर घातलेलं पांघरूण.

सोमवारी सकाळी नेहमीसारखी प्रयोगशाळेत गेले. पेशींचा द्रव बदलला. त्या ठणठणीत होत्या. मग जिन्यात उभी राहून हॉस्पिटलला फोन केला आणि आम्ही येत नाही म्हणून कळवलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, दुसरा दिवस कुठला देऊ? म्हटलं, आता कुठलाच नको.

त्यानंतर घरी फोन लावला. म्हटलं, "काढला."

ते म्हणाले, "ये आता घरी. मी जेवायला थांबतो."