गोरक्षनाथाचं उभं नाणं

गोरक्षनाथ मिस्त्रीइतका चिवट माणूस मी अख्ख्या जालना जिल्ह्यात पाहिला नाही, आणि हे मी कौतुकानं म्हणत नाही. जालन्यात मस्तगडातल्या आमच्या नव्या घराच्या दारांना नक्षीची पट्टी लावायची होती. तेवढ्यासाठी मी कुंभार पिंपळगावला त्याच्याकडे चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला निघताना माझी बायको विमल म्हणाली, "पट्टी नसेल तर तिकडेच राहा." वास्तुशांत आठ दिवसांवर आली होती.

गोरक्षनाथचे वडील मेंढ्या राखायचे. हा सुतारकी शिकला जालन्यातल्या एका लाकडाच्या कारखान्यात, आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथंच घालवून आला. टेबलावरच्या आऱ्याचं, म्हणजे गोल करवतीचं, पान काढून त्या जागी नक्षीचा कटर बसवतात. लोखंडी चकती, तिला तीन खाचा, दर खाचेत स्क्रूनं आवळलेलं एक पातं. मालकानं घाई केली, एक पातं नीट बसलेलं नव्हतं, ते सुटलं. "ऱ्हायलेल्या हातावर चार माणसं जेवून राह्यलेत," हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगतो.

म्हणून त्याचे नियम. धार लावली की तिन्ही पाती रुमालात बांधून सोनाराकडे न्यायची. लोक सोनाराकडे सोनं नेतात, हा पाती नेतो! तिन्हींचं वजन बराबर भरलं तरच ती कटरात जाणार. मग टेबलावर पाच रुपयांचं जुनं जाड नाणं कडेवर उभं करायचं आणि भिंतीजवळ उभं राहून मशीन रिकामी चालवायची. नाणं पडलं म्हणजे कटर थरथरतोय, मग लाकडाला हात लावायचा नाही. पहिल्या दोन खेपा या नाण्यानंच खाल्ल्या.

तिसऱ्या खेपेला नेमकी खंडेनवमी, हत्यारं पूजेला आणि मशीन बंद. कटर उघडून पाटावर मांडला होता. "साहेब, तुम्हीच पूजा करा," म्हणून त्यानं ताट माझ्या हातात दिलं. मी वैतागलेलाच होतो. बोटभर ओलं कुंकू चकतीला चांगलं थापलं आणि मनात म्हटलं, देवा, आता तरी याला गती दे.

चौथ्या खेपेला नाणं तीनदा पडलं. मी कटरासमोर उभा राहून ते पडताना पाहत होतो.

"साहेब, तिथं नका थांबू. बाजूला या," गोरक्षनाथ म्हणाला. मी सरकलो आणि नाणं दिसेना म्हणून परत तिथंच आलो. असं चारदा झालं.

पाती खोलून तो पुन्हा सोनाराकडे गेला. दीड तास! त्याची बायको गोपिकाबाई चहा घेऊन आली. "जेवूनच घ्या भाऊ. त्यांचं आटपस्तोवर दिवस मावळतो," ती शांतपणे म्हणाली. तो परतला. वजन बराबर. पाती बसवली, मशीन लावली, नाणं पुन्हा पडलं.

माझा संयम सुटला. "अरे, एवढीशी थरथर! चालव. काही झालं तर मी जबाबदार."

त्यानं मशीन बंद केली. "जबाबदार म्हंजी कसं साहेब? बोट देता का तुमचं?"

तो खाली बसला, पाती पुन्हा काढली आणि एकेका खाचेत दाभण फिरवू लागला. तिसऱ्या खाचेतून लाल खपली निघाली. वाळून दगड झालेलं कुंकू.

"स्क्रू तर कच्चून आवळल्ता," तो स्वतःशीच म्हणाला. "पन पातं कुंकवावर बसल्तं. बुडाला टेकलंच न्हाई." मग माझ्याकडे पाहिलं. "पूजेचं कुंकू आपल्यात पुसत न्हाईत. म्हून म्या हात लावला न्हाई. चूक माझी हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंकू मी थापलं होतं आणि "चालव" म्हणून मीच ओरडत होतो. त्यानं ऐकलं असतं तर?

त्यानं चकती कपाळाला लावली, देवाची माफी मागितली आणि रॉकेलमध्ये बुडवलेल्या दात घासायच्या जुन्या ब्रशनं तिन्ही खाचा घासल्या. या वेळी नाणं उभं राहिलं, हललंसुद्धा नाही. तरी त्यानं मशीन बंद करून स्क्रू पुन्हा तपासले. मी घड्याळ पाहिलं नाही.

"आता तरी सरका साहेब," तो म्हणाला. "पातं सुटलं की सरळ तुम्ही उभे हायेत तिथंच येतं. बोटं गेली त्या दिवशी पातं माझी बोटं घेऊन मालकाच्या पोटात गेल्तं."

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. विमलचा फोन आला. "झाली का पट्टी? जल्दी करायला सांगा त्यांना."

"नाही सांगणार," मी म्हणालो.