कौसाबाईंनी उचललेली रिंग

कौसाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चालवतो त्या बिडकीनच्या सळईच्या यार्डात मशीनपाशीच उभा होतो. फोन त्यांच्या मुलीचा, मंगलचा. "आई गेली, सायेब. चहा ठेवला अन् खाली बसली, ती उठलीच नाय..."

त्याला महिना होत आला. त्यांच्याबद्दल नुसतं चांगलं लिहिणं सोपं आहे. पण आमच्यात संशय होता, दोन्ही बाजूंनी, आणि तो झाकला तर हे लिहिणं खोटं ठरेल.

त्या मूळच्या पाचोडच्या. लग्नानंतर मुकुंदवाडीत आल्या आणि नवऱ्याबरोबर सळईच्या कामाला लागल्या. खांबाच्या उभ्या सळयांना बाहेरून आवळून धरणाऱ्या चौकोनी रिंगा त्या वळायच्या. खिळे ठोकलेला लाकडी पाट, हातात लोखंडी पाना, एका रिंगेला पाच झटके. वर्षानुवर्षं हेच केल्यावर उजवा खांदा असा धरला, की त्यांची वेणी मंगल घालून द्यायची.

म्हणून मशीन आलं तेव्हा मला वाटलं, सगळ्यात आधी कौसाबाई खूश होतील. एका बाजूनं तारेची गुंडाळी आत, दुसरीकडून वळलेली रिंग बाहेर. त्यांना फक्त गठ्ठे बांधायचे. त्या मात्र दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तशा मशीनकडे बघत राहिल्या.

"कुणाला काढणार नाही," मी म्हणालो.

"व्हय, आधी सगळे असंच म्हनत्यात." मग मशीनकडे बघत, "याला दुखत नाय. ज्याला दुखत नाय, त्याला चुकलेलं कसं कळंल?"

मी हसलो. यार्डातले पाट हलवले तेव्हा त्यांनी आपला मागून घेतला आणि घरी नेला. जळणाला नेला असेल, असं मला वाटलं.

काही आठवड्यांनी एका संध्याकाळी त्या पिशवीत रिंग टाकताना मला दिसल्या. भंगारात विकत असणार, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं. फाटकापाशी, सगळ्यांसमोर त्यांना अडवलं. "पिशवी उघडा."

आत जेवणाचा डबा आणि रिंग.

"रोज एक नेते. घरी पाटावर लावून बघते, सकाळी परत गठ्ठ्यात ठेवते," त्या म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढला नाही. "कालच्या रिंगंच्या टोकाचा हूक आत वळलेला नव्हता, निस्ता काटकोनात. आज खात्रीला दुसरी घेतली. खांबाला धक्का बसला तर ही उघडंल, सायेब."

मी आत जाऊन मशीनच्या पडद्यावर हूक किती वळवायचा तो आकडा पाहिला. चुकीचा होता. आणि तो मीच भरला होता... त्या रिंगा एका शाळेच्या खांबांना बांधून झाल्या होत्या, काँक्रीट तेवढं पडायचं होतं. सगळ्या उतरवल्या.

मी त्यांचे आभार मानले. माफी मागितली नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरी जाताना त्या माझ्यासमोर पिशवी उघडून धरायला लागल्या. "बघा, सायेब." मी राहू द्या म्हणायचो. "नाय, बघा." जवळपास दोन वर्षं, रोज. त्या मुद्दाम माझा सूड घेतायत, असंही मला कधी कधी वाटायचं. मधल्या काळात खांदा मोकळा झाला. एके दिवशी स्वतःच्या हातानं वेणी घालून आल्या आणि सगळ्या बायांना मागं वळून दाखवली. "पन मशीनवर इश्वास नाय हां!" असं वर बजावलं, आणि रिंगा तपासणं चालूच ठेवलं, आता उघडपणे.

त्यांच्या शेवटच्या शनिवारी त्या पिशवी न उघडताच माझ्यासमोरून निघून गेल्या. मी वाट बघत उभाच. आधी सुटल्यासारखं वाटलं, मग शंका आली. विसरल्या? की पुन्हा काही बिनसलं? सोमवारी विचारू म्हटलं... सोमवारी फोन आला.

दहाव्यानंतर मुकुंदवाडीला गेलो. बराच वेळ बसल्यावर मंगलला ते सगळं सांगितलं, पिशवीचंही. तिला ठाऊक होतं.

"त्या शनवारी घरी आल्यावर आई हसत व्हती," ती म्हणाली. "म्हनली, सायेबाला आता पुरं झालं."