आश्रमाची पायरी

ऐकण्याआधी चहाचा कप खाली ठेवा. मागे एकीला हे सांगितलं तर तिने हसता हसता घोटभर चहा माझ्याच साडीवर उडवला. आणि साडी नवी होती!

तर, मी एकदा देवाला समजवायला गेले होते. म्हणजे, नेमकं काय हवं ते नीट मुद्देसूद सांगायला. आणि देवाने माझा शब्दन् शब्द ऐकला. तिथेच तर घोळ झाला ना!

कोकण रेल्वे सुरू होऊन पाचेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमचं गाव विजयदुर्गच्या अलीकडे, खाडीला लागून. गावात माणसांपेक्षा कुलपं जास्त. उघड्या घरात एकेक म्हातारं माणूस. मुलगे मुंबईला, सुना मुंबईला. मे महिन्यात येणार, आंबे खाणार, डोळे पुसत परत जाणार. म्हातारी मागे राहणार, आंब्याफणसाची साटं वाळत घालत.

त्यात आमची जनाक्का. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले तिने. आदल्या पावसाळ्यात मागीलदारी पडली, आणि सकाळची पडलेली बाई संध्याकाळपर्यंत कोणाला कळली नाही. मी रागावले तर म्हणते काय, "एकटी खंय होतंय गो? मांजर होता मा बाजूक!"

ते मांजर माझ्या डोक्यातून जाईना. नणंदेकडे पुण्याला गेले होते, तिथे एक वृद्धाश्रम बघितला होता. बाग काय, भजन काय, वेळच्या वेळी डॉक्टर काय! म्हटलं, आपल्या गावात का नको? आमच्या ह्यांना सांगितलं. हे कलमाला खत घालत होते. मान वर न करता म्हणाले, "गावात म्हातारी आसत ह्या खरा. पण त्येंका म्हातारा म्हणतलो कोण? तू?"

मी म्हटलं, बघाच तुम्ही.

गावात मुंबईच्या एका संस्थेची इमारत पडून होती. पूर्वी मुलांचं वसतिगृह होतं. मुलंच संपली, तर वसतिगृह कसलं! पत्रं लिहून लिहून मी ती मिळवली. अट एकच. शिमगा झाला की संस्थेचं माणूस बघायला येणार. तेव्हा साठी ओलांडलेले पाच रहिवासी तिथे राहत असले पाहिजेत. नसले तर इमारतीला परत कुलूप.

पत्रात खाली एक सूचनाही होती. दारातल्या पायऱ्यांच्या बाजूला चढउतारासाठी उतार बांधून घ्यावा. ती वाचून मी तर हसलेच. अहो, आमच्या म्हाताऱ्या भरलेली कळशी घेऊन घाटी चढतात. त्यांना तीन पायऱ्यांचं कसलं कौतुक? उतारबितार काही नाही. त्या तीन पायऱ्या मात्र मी स्वतःच्या हाताने लालभडक रंगवल्या.

आठ खाटा आल्या, गाद्या आल्या, उद्घाटनाचा दिवस आला. आणि उद्घाटन म्हणजे आमच्याकडे गाऱ्हाणं हवंच. गावच्या मानकऱ्याने नारळ ठेवून देवाला मोठ्याने मागणं घालायचं आणि दर वाक्याला जमलेल्यांनी एका सुरात ओरडायचं, "होय म्हाराजा!" त्याशिवाय आमच्याकडे विहिरीचा दगडसुद्धा हलत नाही.

आमचे मानकरी धाकू आबा. वय ऐंशीच्या घरात. दात एक नाही, पण आवाज असा, की खाडीपलीकडच्या होडीने हॉर्न समजून बाजूला व्हावं! नारळ हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "सुमा, काय मागूचा?"

मी सरबतासाठी बर्फ शोधत होते. म्हटलं, "आबा, काय ता चांगला मागा."

हीच ती चूक! माणसाला काहीही मोघम सांगावं, मानकऱ्याला सांगू नये.

आबांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या गावच्या सुनेन म्हाताऱ्यांसाठी घर उघडल्यान हा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तर ह्या घराची पायरी चढूची पाळी, ह्या गावातल्या एकाय म्हाताऱ्या माणसावर, कधी म्हणजे कधी येवक देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!"

सगळं अंगण दणाणलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. आणि सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? माझा! काय करणार, लहानपणापासूनची सवय. गाऱ्हाण्यातला माणूस थांबला की आमचं तोंड आपोआप उघडतं. ओरडून झालं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अगो बाई, हे कोणतं मागणं घातलं आपण!

दुसऱ्या दिवशी जनाक्का पिशवी घेऊन आली. पायरीपाशी आली आणि थांबली.

"चढ मा गो," मी म्हटलं.

"नको गो बाय. काल देवाक सांगलेला आसा."

"देव काय हयसर बघीत बसलो हा?"

"देव नाय बसाक," जनाक्का हळूच म्हणाली, "पण तो आबा बसलो हा मा!"

बघते तर खरंच, समोरच्या दगडी गडग्यावर धाकू आबा विडी ओढत बसलेले! पायरीवर नजर ठेवून.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी परत गेली असतील. छे हो! तिथेच तर गंमत. पायरी चढायची नव्हती, अंगणाला कोणाची हरकत होती? जनाक्का अंगणातच बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या तीन मैत्रिणी घेऊन आली. आठवड्याभरात अंगणात अकरा जण! टीव्ही मी खिडकीत फिरवून ठेवला. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, ते आंब्याखाली टेबल टाकून रक्तदाब बघायला लागले. जेवणं अंगणात. वर तक्रारी! "सुमा, सोलकडी पातळ झाली हा." "सुमा, बांगडो शिळो दिसता." एकाने तर अंगण पुढच्या वेळी नीट सारवायला सांगितलं.

आणि दिवेलागण झाली की सगळे उठणार. "येतंव गो!" की निघाले आपापल्या अंधाऱ्या घरी. जनाक्का तिच्या मांजराकडे.

आत आठ खाटा, आठ कोऱ्या चादरी आणि एक कोरं रजिस्टर. मी आश्रम काढायला गेले होते, चालवत होते अंगण!

माघ उजाडला तशी माझी झोप उडाली. शेवटी गडग्यापाशी गेले आणि आबांना म्हटलं, "आबा, ता गाऱ्हाणा मागे घेवा."

आबांनी विडी विझवली. "देवाक सांगलेला काय एस्टीचा तिकीट आसा, परत करूक? मागे घेवक येवचा नाय. वर जोडूक येता."

"मगे जोडा!"

"काय जोडू?"

या वेळी मी शहाणी झाले होते. आत गेले, कागद-पेन घेतलं, संस्थेची अट समोर ठेवली आणि अर्जासारखं मुद्देसूद लिहून दिलं. माणूस लवकर यावं. आलेलं माणूस दुसऱ्या दिवशी पळून जाऊ नये. काही म्हणता काही मोघम ठेवलं नाही.

आबांनी वाचलं. "आणि पायरीचा काय?"

"ताच तर! पायरीचा काय?"

"मी पायरी म्हटलंय," आबा एकेक शब्द तोलून म्हणाले. "पायरी. उताराचा नाव माझ्या तोंडातसून इलला नाय."

बघा! संस्थेने पत्रात लिहिलं तेव्हा हसले होते. तेच देवाच्या वकिलाने सांगितलं तर लगेच पटलं. चार दिवसांत गवंडी आणून पायऱ्यांच्या बाजूला जांभ्याचा उतार बांधून घेतला, वर सिमेंट. सिमेंट मुरायला गोणपाटं भिजवून अंथरली. आणि त्याच्यासमोर आबांनी जोडगाऱ्हाणं घातलं.

"ह्या घरात बेगीन पयला माणूस येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि इल्यार, महिनोभर तेका हयसून हलूक देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!" मी तर डोळे मिटून, पोटातून ओरडले. माझाच मसुदा ना!

नारळ फुटला, तरी म्हातारी उताराकडे बघत उभी. पुढे कोणी होईना. मी म्हटलं, "घाबरताव कित्याक? बघा, मी चालान दाखयतंय!" आणि पदर खोचून निघाले. वर गेले, ऐटीत वळले, हात हलवला. उतरताना तिसऱ्या पावलाला ओलं गोणपाट एका दिशेला गेलं आणि मी दुसऱ्या.

कडकन आवाज झाला. मला वाटलं दुसरा नारळ फोडला. माझा पाय होता!

देवगडच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "महिनाभर हलायचं नाही." हे शब्द ऐकून आमच्या ह्यांना दवाखान्यातच असं हसू फुटलं की नर्सने त्यांना बाहेर काढलं.

आता मला न्यायचं कुठे? आमचं घर घाटीखाली, चांगल्या चाळीस पायऱ्या. खुर्चीत बसवून मला उतरवायला कोणी धजेना. मग ह्यांनीच ठरवलं. चौघांनी खुर्ची उचलली, नव्या उतारावरून मला आश्रमात चढवलं आणि एक नंबरच्या खाटेवर नेऊन ठेवलं. पहिलं माणूस आलं!

आणि आलेल्या माणसाकडे बघणार कोण? कामाला ठेवलेली मुलगी दुसऱ्याच दिवशी मुंबईला मावशीकडे पळाली. ही माणसं टिकत नाहीत, काय करता! जनाक्का उताराखाली उभी राहून हे सगळं बघत होती. मग तिने पिशवी उचलली.

"कोणाकडे रवतलास तू एकटी? हयसर मांजरपण नाय," असं म्हणून ती तरातरा उतार चढून आत आली. मागोमाग तिच्या तिघी मैत्रिणी. चार खाटा भरल्या! मला पाय मोडल्याचा आनंद झाला.

तो आनंद दोन दिवस टिकला. मग त्या चौघींनी माझा कारभार हातात घेतला. सकाळी पेज. दुपारी पेज. मासे? "पाय मोडल्यार निस्त्याक नाय." आठ वाजता टीव्ही बंद. केसांना मेंदी मागितली तर जनाक्का म्हणाली, "आता कोणाक दाखवूची हा?" आणि पाव बाटली खोबरेल चोपडून केस असे मागे आवळले की माझ्या भुवया वर गेल्या. प्लास्टरवर परकर बसेना, म्हणून मला जनाक्काचं लुगडं गुंडाळलं. महिनाभरात मुळाशी बोटभर पांढरं उगवलं. आरसा मागितला तर कोणी देईना.

शिमगा झाला. रहिवासी चारच. मी आबांच्या विनवण्या केल्या, "पाचवे तुमी या." आबा म्हणाले, "मी मानकरी. माका म्हातारो कोण म्हणतलो?"

आणि एका सकाळी तळेऱ्याहून गाडी करून संस्थेच्या बाई हजर! आमची ओळख फक्त पत्रातली. कडक इस्त्रीची साडी, हातात फाइल. उतार बघून खूश झाल्या. "छान, छान. संचालिका कुठे आहेत?"

मी खाटेवरून हात वर करणार, तेवढ्यात आबा पुढे झाले. ऑफिसातलं माणूस बघितलं की आबांची भाषा बदलते. "त्या देवगडास गेल्या आहेत. कामास्तव."

"बरं. रहिवासी मोजते." बाईंनी जनाक्कापासून सुरुवात केली. "एक. दोन. तीन. चार." पेन थांबलं. "पाच पाहिजेत हो. नाहीतर मला कुलूप लावायला सांगावं लागेल."

जनाक्काने उशीखालची पिशवी हळूच मांडीवर ओढून घेतली. निघायची तयारी. ते मला दिसलं.

बाईंची नजर माझ्यावर आली. "आणि या आजी?"

आजी! अहो, मी चव्वेचाळीस वर्षांची बाई!

"एक महिना झाला," आबा गंभीरपणे म्हणाले, "येथून हललेल्या नाहीत." यातला शब्दन् शब्द खरा होता की नाही, सांगा!

"साठी पूर्ण आहे ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, हे छपराची कौलं मोजत होते. आबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. हात जोडले, डोळे मिटले आणि गाऱ्हाण्याच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "साठी कधीच पुरी झालेली आसा रे म्हाराजा!"

आणि थांबले.

आबा थांबले की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. माझं तोंड आपोआप उघडलं.

"होय म्हाराजा!"

आठ दिवसांनी पत्र आलं. इमारत आमच्याकडेच राहिली. खाली दोन शेरे होते. पहिला, संचालिका जागेवर भेटल्या नाहीत, त्यांनी गावोगाव फिरणं कमी करावं. ते मी सोसलं. दुसरा शेरा ह्यांनी मुद्दाम दारात उभं राहून मोठ्याने वाचला, "पाच नंबरच्या आजी वयोमानाने फारच थकल्या आहेत, त्यांची विशेष काळजी घ्यावी."

आणि अंगणातून अख्खा गाव ओरडला, "होय म्हाराजा!"