मास्तरांच्या मेणअळ्या

शेंडीची गाठ चाचपायची आणि म्हणायचं, "बघू, शास्त्रात बसतं का!" काहीही विचारा, आमच्या मास्तरांचं उत्तर ठरलेलं. कल्याणच्या मराठी शाळेत ते मोठे मास्तर, मी त्यांच्या हाताखाली. बिऱ्हाडंही भिंतीला भिंत लागून. नवा पंचा कधी नेसायचा हेसुद्धा पंचांगात पाहणारा माणूस! पोरं हसायची. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू?

मास्तरांची बायको आधीच गेलेली. लेक द्वारका बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. केशवपन झालं आणि पोरगी मुकीच झाली. विधवेचं एकवेळचं जेवण, तेही दोन घास. खोकला धरला म्हणून वैद्यांनी मध सांगितला, तेव्हा खडवलीकडच्या रानातला एक आदिवासी ठाकूर पोळं देऊन गेला. मध पिळून उरलेला चोथा मडक्यात पडून राहिला आणि काही दिवसांनी त्यात पांढऱ्या अळ्या वळवळायला लागल्या. मास्तर ते उकिरड्यावर टाकायला निघाले, तर कोपऱ्यातून आवाज आला, "बाबा, नका टाकू. उपाशी मरतील हो."

चार महिन्यांनी बोलली होती पोरगी! मास्तर मडकं घेऊन तसेच माझ्या दारात आले. रडत होते.

मग काय, अळ्यांचा संसार थाटला. पण बाहेरचं पोळं सोवळ्याच्या घरात चालायचं कसं? मास्तरांनी ते उकळलं, धूतवस्त्रातून गाळलं आणि स्वच्छ मेणाची वडी अळ्यांना वाढली. निम्म्या मेल्या. ठाकूर पुन्हा आला तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. "ओ मास्तर, किडा का सोवळ्यात जेवतो? त्याला जुनं काळं पोळंच लागतं!"

आणि नवल बघा, मास्तरांनी ऐकलं. काळं पोळं तसंच घरात घेतलं. अळ्या फुगल्या, त्यांनी जाळी विणली, कोष केले. द्वारका मडक्याला कान लावून "बाबा, कुरतडतायत!" म्हणायची नि हसायची. दोन घासांचे चार झाले. मला वाटलं, जगली पोरगी.

पण खोकला हटेना. वैद्य स्पष्ट बोलले, "दोन्ही वेळा जेवू घाला. उपास बंद करा."

"विधवेची एकादशी कशी मोडू हो?" मास्तरांनी मला विचारलं. "लोक काय म्हणतील?"

"खरंय," मी म्हटलं. तेवढंच म्हटलं.

कोष फुटले तो दिवस नेमका एकादशीचा. मी पाहायला गेलो होतो. राखी पाखरं मडक्याच्या काठावर बसलेली. तापानं फणफणलेल्या द्वारकेनं काडीवर मधाचा थेंब धरला. एकही शिवेना. या पाखरांना खाताच येत नाही, हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक?

"बाबा, यांचीपण एकादशी का?" तिनं विचारलं. मग हळूच म्हणाली, "मला थोडा भात द्या ना."

"उद्या बारस, बाळ. पहाटेच वाढतो."

पहाटे त्यांनी भात केलाही. ती त्याआधीच गेली होती.

मास्तर नोकरी सोडून निघून गेले, कुठे ते कुणालाच कळलं नाही. लोक अजून म्हणतात, दगडाच्या काळजाचा बाप. मला ते ऐकवत नाही. त्या संध्याकाळी ती भात मागत होती तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. मला कुठली एकादशी? मी उठलो, घरी गेलो आणि पोरांबरोबर गरम भात जेवलो.