वाजला नाही अजून

ताईला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर मला येऊन सांगावं. मी शाळेत गणित शिकवते, मला खुर्ची प्रिय. माझी ही थोरली बहीण मात्र फोनवर बोलतानाही घरभर येरझाऱ्या घालते. उभी हयात तिने बोटीवर काढली. पाण्यात माईक सोडायचा, हेडफोन लावायचे आणि डॉल्फिनच्या शिट्ट्या ऐकायच्या. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची शीळ असते, नावासारखी, आणि ती म्हातारपणीही बदलत नाही, हे तिने आमच्या खाडीत वर्षानुवर्षं कान लावून दाखवून दिलं. तिचा नियम एकच: आधी कान, मग आलेख. जी शीळ ऐकू आली तिचाच संगणकावरचा आलेख तपासायचा, उगाच रेघोट्यांत शोधत बसायचं नाही. दूरदूरचे संशोधक आता याच नियमाने काम करतात आणि आपल्या निबंधांत तिचा हवाला देतात. घरात मात्र तिला स्वतःचा चष्मा सापडत नाही.

यंदा तिचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. शिट्ट्या निम्म्यावर आल्या होत्या. सगळ्यात जुनी मादी, जिला ती ‘मावशी’ म्हणायची, तिची शीळ तर दोन हंगाम ऐकूच आली नव्हती. बोटींसाठी नवा धक्का बांधल्यापासून डॉल्फिन गप्प झाले, असा शोधनिबंध तिने लिहून काढला, पण तो तिच्याच्याने पाठववेना. कपाट आवरायला घ्यायची, अर्ध्यात सोडून निबंधातली दोन वाक्यं खोडायची, तीच पुन्हा लिहायची.

"पाठव की एकदाचा," मी वैतागून म्हटलं. "तुझ्या फेऱ्यांनी मला गरगरायला लागलंय."

"मावशी गेली असं लिहायचंय त्यात. हात धजत नाही गं."

त्याच आठवड्यात मला ताप भरला. ताईने माझ्या काखेत थर्मामीटर खुपसला आणि खिडकीपासून दारापर्यंत चालायला लागली. थर्मामीटर वाजला. मी काढायला गेले तर तिने दटावलं.

"राहू दे. वाजला नाही अजून."

"वाजला की."

"तापाने तुझे कान वाजतायत."

मी तो बंद करून पुन्हा लावला. पुन्हा वाजला, चांगला खणखणीत. ताई माझ्या उशाशी उभी राहून तो वाजायची वाट पाहत होती. तेव्हा मला जे कापरं भरलं ते तापाचं नव्हतं. हा आवाज बारीक आणि उंच पट्टीचा. डॉल्फिनच्या शिट्ट्या याहून उंच, आणि त्यात मावशीची सगळ्यांत वरची, हे तिनेच माझ्या डोक्यात भरवलेलं.

गप्प बसावं असं फार वाटलं. पण निबंध गेला असता तर जन्मभराच्या कामावर पाणी पडलं असतं.

"ताई," मी म्हटलं, "मावशी गेली नसेल. तुझे कान गेले असतील."

ताईने चप्पल पायात सरकवली आणि थेट प्रयोगशाळेत गेली. दोन हंगामांचं सगळं ध्वनिमुद्रण तिने प्रथमच आधी आलेखावर पाहिलं. संध्याकाळी परत आली ती दारातच थांबली.

"आहेत. सगळ्या शिट्ट्या आहेत. मावशीसुद्धा."

"मग रडतेस कशाला?"

"मला ती आता कधीच ऐकू येणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने निबंध रद्द केला आणि तिच्या नियमाने काम करणाऱ्या सगळ्यांना कळवलं: आधी कान तपासून घ्या, मीही घेतले नव्हते. मला तिचा अभिमान वाटला.

मी बरी झाल्यावर तिने मला बोटीवर नेलं. मला बोट लागते हे माहीत असूनही. हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि स्वतः या कडेहून त्या कडेला करत राहिली. मी लिंबू हुंगत बसले होते. मग आली ती शीळ. बारीक, चढत गेलेली, मध्येच मोडलेली, पुन्हा दोनदा चढलेली. मी बोटाने हवेत रेघ काढायला लागले तर उरलेली अर्धी ताईनेच पुरी केली.

"मावशी," ती म्हणाली. "वाजवून दाखव."

मी ओठांचा चंबू करून माझ्या जाड्याभरड्या, खालच्या पट्टीत शीळ घातली. बोटवाला हसायला लागला. ताई मात्र माझ्यासमोर खाली बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"बेसूर आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पुन्हा घाल."