भालेराव काकांचा जंपर

एका माणसाने माझ्या बाबांची बोलणी वीस वर्षं खाल्ली, आणि चूक त्याची नव्हतीच.

भालेराव काका काल गेले. कोपरला, राहत्या घरी, झोपेत.

काका रेल्वेत सिग्नलचं काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीतल्यांना कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचे. आमचाही त्यांनीच केला. कॅबिनेट कुणाचं, मॉनिटर कुणाचा, पण डीव्हीडी रायटर नवा कोरा. त्याचं आम्हाला कोण कौतुक.

बाबांना मात्र कंपनीचा, सीलबंद खोक्यातला हवा होता.

आई बालवाडीत शिकवायची. तिच्या मोठ्या बाई रिटायर होणार होत्या. आईने हौसेने सांगून टाकलं, "बाईंचे सगळे फोटो मी डीव्हीडीवर टाकून देते." पंचेचाळिशीत माऊस धरायला शिकलेली माझी आई. महिनाभर बसून तिने ते फोटो लावले.

शनिवारी निरोप समारंभ, आणि बुधवारी रायटर अडला.

अर्ध्यावर जायचा आणि एरर. वाया गेलेल्या डिस्क मी गॅलरीत टांगल्या, निदान कबुतरं तरी जातील म्हणून.

आई रडवेली झाली. "माझ्याच हातून काहीतरी बिघडलं गं. मला नाही जमायचं हे."

गुरुवारी संध्याकाळी काका ड्युटीवरून थेट आले. ड्राइव्ह बाहेर काढला, उघडला. मी टॉर्च धरून बसलेले.

आत कुंकू होतं. लेन्सवर लालसर थर आणि कोपऱ्यात दोन अक्षता.

आठवडाभरापूर्वी दसरा झालेला. आईने घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केलेली. रायटरचा ट्रे बटण दाबल्यावर आपणहून पुढे येतो, म्हणून तिने हळद-कुंकू तिथेच वाहिलेलं. दुसऱ्या दिवशी ट्रे पुसलाही, पण व्हायचं ते होऊन गेलेलं.

आई किचनमध्ये चहा टाकत होती. काका हळूच म्हणाले, "आईला बोलू नको हां. परत हात लावणार नाही ती."

इअरबडने लेन्स पुसली. दोन अक्षता शर्टाच्या खिशात टाकल्या.

बाबांनी विचारलं, "काय झालेलं?"

"काय नाय साहेब, माझीच चूक. मागे जंपर असतो ना, पिनांवरचं बारकं टोपण, तो चुकीचा लावलेला मी."

मग काय. बाबांनी त्यांना असेंबल्ड मशीनवर अर्धा तास ऐकवलं. काका चहा पीत ऐकत राहिले. तिकडे आईची डीव्हीडी शंभर टक्के झाली, ट्रे बाहेर आला, आणि आईने ती डिस्क दोन्ही हातांनी उचलली.

बाईंनी ती समारंभात सगळ्यांना दाखवली. पुढे स्वतः रिटायर होईपर्यंत शाळेचं कॉम्प्युटरचं सगळं काम आईकडे होतं.

दसऱ्याला काका पांढऱ्या शर्टात विहारात असायचे. म्हणून आदल्या संध्याकाळी आमच्याकडे यायचे आणि ट्रेवर सेलोटेप लावायचे. "धूळ जाते, वहिनी." जोवर तो कॉम्प्युटर होता, तोवर एकही वर्ष चुकलं नाही.

आणि आमच्या घरात काहीही बिघडलं, मिक्सर असो नाहीतर गीझर, की बाबा म्हणायचे, "भालेरावांनी जंपर लावला असेल." काकांसमोरही. काका हसायचे. मीसुद्धा हसायचे, याची आज लाज वाटते.

काल स्मशानातून आल्यावर बाबा म्हणाले, "देवमाणूस होता. तेवढा एक जंपर सोडला तर."

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

आई म्हणाली, "तेव्हा कळलं असतं तर मी खरंच परत बसले नसते गं त्याच्यासमोर."

बाबा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आज सकाळी मला म्हणाले, "तू ते फेसबुकवर लिहितेस ना, त्यात लिही. माझ्या नावाने लिही."

म्हणून लिहितेय.

काका, जंपर बरोबर होता.

आम्हा तिघांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.